मनगटाला दुसरीही नाडी असते: मेंदूची अँजिओग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात मेंदूची अँजिओग्राफी आणि न्यूरोइंटरव्हेन्शन (धमनीतून नळी नेऊन मेंदूवरचे उपचार) करणारे सर्व डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागात, सिस्टर आहे. पहिली तेरा वर्षं हृदयाच्या लॅबमध्ये गेली, पुढची नऊ तुमच्या, म्हणजे मेंदूच्या. केस संपली की तुम्ही ग्लोव्हज काढून नातेवाइकांशी बोलायला बाहेर जाता, तेव्हा पेशंटच्या जांघेतला शीथ, म्हणजे धमनीत शिरायला घातलेली आखूड नळी, काढून तिथे बोटं दाबून उभी असते ती मी. शीथ कुठून घातला याचं सुखदुःख तुमच्याइतकंच, कदाचित थोडं जास्तच, माझ्या वाट्याला येतं.

मागणं काय ते आधीच सांगते. मनगटातून जायचं ठरलं आणि रेडियल, म्हणजे अंगठ्याच्या बाजूची धमनी, मिळाली नाही, तर लगेच जांघेकडे वळू नका. मनगटाला आणखी दोन दारं आहेत. एक करंगळीच्या बाजूची अल्नार आणि दुसरं अंगठ्याच्या मुळाशी असलेला खळगा. प्रिक करायच्या आधी दोन्ही हातांवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून ही सगळी दारं बघून घ्या. आणि पेशंट घरी जाताना त्याच्या कार्डावर लिहा, की आम्ही कुठून गेलो आणि जाताना ती धमनी चालू होती का. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत सोपी आहे आणि तीच कुणी करत नाही.

का म्हणते ते ऐका. साठीच्या एक मावशी आमच्याकडे आल्या होत्या. दुसऱ्या एका हॉस्पिटलात हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू. डोकं दुखतं म्हणून सीटी केला, त्यात नसेला फुगा दिसला आणि डीएसए, म्हणजे कॅथेटरची बारीक नळी घालून मेंदूची अँजिओग्राफी, ठरली. टेबलावर घेतल्यावर त्यांनी स्वतःच उजवा हात पुढे केला. म्हणाल्या, "मागल्या खेपेला हितूनच घातलं हुतं." आम्हाला बरं वाटलं, एकदा गेलेली वाट आहे म्हणून. रजिस्ट्रारनं नाडी बघितली. लागत होती, जरा बारीक. पहिल्या प्रिकला रक्त आलं, पण वायर चार बोटांच्या पुढे सरकेना. दुसरा प्रिक थोडा वर. तिसरा त्याच्याही वर. मावशींच्या कपाळावर घाम आला, मनगट काळंनिळं पडायला लागलं, आणि सर म्हणाले, "ग्रॉइन द्या." म्हणजे जांघ.

अँजिओग्राफी व्यवस्थित झाली. रात्री दोनला वॉर्डातून फोन आला, की जांघ फुगली आहे आणि बीपी पडतंय. वरून दिसत होतं त्याच्या कितीतरी पट रक्त आत, ओटीपोटाच्या मागे साचलं होतं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी घरी जायच्या बाई नऊ दिवसांनी घरी गेल्या.

चौथ्या दिवशी रजिस्ट्रारनं त्यांच्या हातांवर प्रोब ठेवला, मी शेजारी उभी होते. उजवी रेडियल कोपराच्या खाली पूर्ण बंद होती, बहुधा त्या मागल्या खेपेपासूनच. मनगटाशी जी बारीक नाडी लागत होती ती उसनी होती. अल्नारमधून रक्त तळहाताच्या कमानीत येतं आणि तिथून उलट्या दिशेनं रेडियलच्या टोकात शिरतं. बोटाला ते कळत नाही, प्रोबला कळतं. डावी रेडियल २.४ मिलिमीटर, भरभरून वाहत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

सोनोग्राफीचं मशीन केसच्या दिवशी लॅबच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभं होतं. सगळा दोष सरांवर ढकलायची मला सोय नाही. "सर, एकदा प्रोब लावून बघायचं का?" एवढं वाक्य मीही बोलले नाही. आणि मावशींचं जुनं कार्ड नंतर नीट वाचलं, तर त्यात स्टेंटची लांबी होती, व्यास होता, बॅच नंबरसुद्धा होता. कुठून गेले होते याचा एक शब्द नव्हता.

आता थोडं मागचं. आमच्या लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना वाटतं, की मनगटातून जाणं ही हृदयवाल्यांची वाट आणि आपण ती हल्ली उचलली. खरं तर उलटं आहे. १९२७ मध्ये लिस्बनला एगाश मोनिझ यांनी मेंदूची पहिली अँजिओग्राफी केली ती गळ्यातल्या कॅरोटिड धमनीत एक्स-रेत दिसणारं औषध थेट सोडून. त्यानंतर वीस वर्षांनी, १९४७-४८ च्या सुमारास, स्वीडनच्या स्टिग राडनर यांनी मनगटापाशी रेडियल धमनी उघडून तिच्यातून कॅथेटर वर नेला, आणि तोही मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या व्हर्टिब्रलपर्यंत. हृदयवाल्यांनी ही वाट धरली ती त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. १९८९ मध्ये माँट्रियलच्या ल्यूसियँ कांपो यांनी शंभर रुग्णांची हृदयाची अँजिओग्राफी रेडियलमधून करून दाखवली, आणि नव्वदीच्या सुरुवातीला ॲम्स्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनाय यांनी त्याच वाटेनं स्टेंट बसवला. मधल्या काळात, १९५३ मध्ये, स्वीडनच्याच सेल्डिंगर यांनी सुई, वायर आणि वायरीवरून कॅथेटर ही युक्ती काढली. त्यामुळे कातडी न कापता धमनीत शिरता यायला लागलं आणि सगळे जांघेकडे गेले. तिथली धमनी मोठी, सापडायला सोपी. तुम्ही अजून तिथेच आहात.

हृदयवाले का परतले? रक्तस्रावामुळे. २०११ मध्ये 'रायव्हल' नावाचा मोठा अभ्यास आला. त्यात ७,०२१ रुग्ण होते. धमनीला मोठी इजा होण्याचं प्रमाण जांघेतून ३.७ टक्के आणि मनगटातून १.४ टक्के. अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल यांच्यासारख्यांनी आपल्याकडच्या कितीतरी डॉक्टरांना ही वाट शिकवली. मी हृदयाच्या लॅबमध्ये होते तेव्हा एका डॉक्टरांनी हट्टानं सगळ्या केसेस हातातून करायला सुरुवात केली. पहिले तीन महिने आम्ही सगळे त्यांना वैतागलो होतो. केस लांबायची, पेशंट "हात जळतोय" म्हणून ओरडायचा, शेवटी बऱ्याचदा जांघ लागायचीच. सहाव्या महिन्यात लक्षात आलं, की रात्रीचे फोन थांबलेत.

तुमच्या पेशंटच्या रक्ताची गोष्ट हृदयवाल्यांहून वेगळी नाही. फ्लो डायव्हर्टर (फुग्याकडे जाणारं रक्त वळवणारी जाळी) बसवायचा तर ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर ही रक्त पातळ करायची गोळी चालू असते. लकव्याचा पेशंट बऱ्याचदा गुठळी विरघळवायचं इंजेक्शन घेऊनच टेबलावर येतो. अशा माणसाच्या जांघेवर बोटं ठेवून वीस मिनिटं उभं राहून बघा. अंगठा सुन्न होतो, पाठ भरून येते, आणि बोट उचलायच्या क्षणी छातीत धस्स होतं.

आणि पेशंटचं काय होतं? दोन्ही जांघा शेव्ह करायच्या. आयुष्यात नवऱ्याशिवाय कुणासमोर लुगडं वर न केलेल्या आजीला मी काय सांगायचं, डोक्याच्या तपासणीसाठी हे करायचंय म्हणून? त्या मान भिंतीकडे वळवतात आणि गप्प पडून राहतात. नंतर सहा तास पाय सरळ, वर वाळूची पिशवी. उठायचं नाही, वळायचं नाही, लघवी झोपूनच. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या म्हाताऱ्यांना झोपून लघवी होत नाही. मग पोट फुगतं, मग कॅथेटर घालायचा, मग त्याचं इन्फेक्शन. हे तुमच्या केस शीटवर येत नाही, कारण तुमची केस 'अनइव्हेंटफुल', म्हणजे काही न बिघडता पार, झालेली असते.

मनगटातून केलेला पेशंट लॅबमधून चालत जातो म्हटलं तरी चालेल. आमच्याकडे एका आजोबांची डीएसए खळग्यातून झाली. अर्ध्या तासानं वॉर्डात गेले तर आजोबा पलंगावर मांडी घालून, पट्टा बांधलेला हात पोटावर ठेवून, दुसऱ्या हातानं बशीतून चहा पीत होते. मला म्हणाले, "सिस्टर, डोक्याचं करणार होते ना? की उद्या हाय?"

हा खळगा म्हणजे अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या बाहेरच्या अंगाला दोन ताणलेल्या स्नायूंच्या दोऱ्यांच्या मध्ये पडतो तो. फ्रेंचांनी त्याला तपकिरीच्या डबीचं नाव दिलं, कारण तपकीर ओढणारे चिमूटभर तपकीर तिथेच ठेवायचे. आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्यांना ते नाव न सांगता कळतं. तिथे रेडियल धमनी हाडावरून जाते, म्हणून दाबायला सोपी. हात उताणा करून फळीला बांधावा लागत नाही, पेशंट तो पोटावर आडवा ठेवू शकतो. डावा हात वापरायचा झाला तर हीच जागा सोयीची, कारण डॉक्टर उजव्या बाजूला उभे असतात आणि पेशंटचा डावा हात पोटावरून त्यांच्याकडे आणता येतो. २०१७ मध्ये कीमेनाय यांनीच डाव्या हाताच्या खळग्यातून हृदयाची अँजिओग्राफी मांडली आणि मग ती सगळीकडे गेली. शिवाय खळग्यातली धमनी पुढे बंद पडली तरी बहुतेक वेळा वरची, हातातली रेडियल वाहती राहते, कारण तळहाताकडे जाणारा एक फाटा त्याच्या आधीच सुटलेला असतो.

पण खळग्याचा उदोउदो मी करणार नाही. धमनी तिथे आणखी बारीक होते. सहा फ्रेंचच्या (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) साध्या शीथचा बाहेरचा व्यास अडीच मिलिमीटरच्या पुढे जातो. आमच्याकडे प्रोबवर मोजलेल्या बऱ्याच बायकांची रेडियल मनगटाशीच दोन-सव्वादोन मिलिमीटर भरते, खळग्यात त्याहून कमी. दोन मिलिमीटरच्या नळीत अडीचचा शीथ घालायचा म्हणजे बांगडीवाल्यानं हातापेक्षा लहान माप चढवण्यातला प्रकार. म्हणून बारीक भिंतीचे शीथ मागवा, पाच फ्रेंचवर भागत असेल तर भागवा. शिवाय जागा चार-पाच सेंटिमीटर खाली सरकल्यामुळे उंच माणसात कॅथेटर तेवढाच अपुरा पडतो. २०२२ च्या 'डिस्को रेडियल' अभ्यासात तेराशेच्या आसपास रुग्ण होते. खळग्यातून सुरू करून दुसरीकडे वळावं लागण्याचं प्रमाण साध्या रेडियलच्या दुपटीच्या घरात निघालं. धमनी बंद पडण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे १ टक्क्याच्या आत. मला त्यातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटते. नियम पाळून शीथ काढला तर कुठलंही दार घ्या, धमनी सहसा वाचते.

ते नियम आमच्या हातात असतात, म्हणून एक बाजूला जाऊन सांगते. शीथ काढल्यावर मनगटावर बांधायचा हवेचा पट्टा करकचून आवळला की रक्त थांबतं आणि धमनीही बंद होते. योग्य रीत अशी: पेशंटच्या त्याच हाताच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावायचा, करंगळीकडची अल्नार बोटानं दाबायची आणि पट्ट्यातली हवा हळूहळू सोडायची. ऑक्सिमीटरवरची सपाट रेघ पुन्हा लाटेसारखी उठली, तरी टोचलेल्या जागेतून रक्त येत नाही, तिथे थांबायचं. म्हणजे रक्तस्राव बंद आणि धमनी चालू. २००८ मध्ये समीर पंचोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३६ रुग्णांवर हे तपासलं. चोवीस तासांनी बंद धमन्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. यात ना महागडं औषध लागतं ना नवं यंत्र. दहा मिनिटं पेशंटजवळ उभी राहणारी सिस्टर लागते. एका शिफ्टला चार पेशंटमागे एक सिस्टर असेल तर ती दहा मिनिटं कुठून येणार, हा प्रश्न मात्र तुम्ही आमच्या वतीनं प्रशासनाला विचारा. तुमचं ऐकतात.

आता अल्नार. नाडी बघणारा वैद्य अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवतो. करंगळीच्या बाजूला कुणी हात लावत नाही. आपण सगळे त्याच सवयीत वाढलोय. पण बऱ्याच माणसांत अल्नार रेडियलइतकीच, कधी तिच्याहून जाड असते, आणि सहसा सरळ जाते. रेडियलला मध्येच पूर्ण वेटोळं असतं, वायर तिथे फिरून अडते, हे तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. अल्नारमध्ये असं क्वचित दिसतं.

या धमनीवर सगळ्यात मोठ्या अभ्यासांपैकी एक आपल्याच देशातला आहे, आणि तोही दिल्ली-मुंबईच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलातला नाही, अजमेरचा. २०१६ मध्ये तिथल्या हृदयरोग विभागानं अडीच हजारांवर रुग्णांमध्ये अल्नार आणि रेडियलची तुलना छापली. निष्कर्ष असा, की हात बसलेला डॉक्टर असेल तर अल्नार रेडियलपेक्षा कमी ठरत नाही. त्याआधी ग्रीसमध्ये असाच एक अभ्यास झाला होता आणि तो मध्येच थांबवावा लागला, कारण अल्नारनं सुरू करून दुसरीकडे वळायची वेळ फार जणांवर आली. धमनी तीच, निकाल दोन. फरक हात बसलेला असण्या-नसण्याचा. मला याचं नवल वाटत नाही. आमच्या लॅबमध्येही पहिल्या दहा अल्नारपैकी चार फसल्या होत्या.

अल्नार अवघड का, तर ती खोल असते आणि तिला खेटूनच त्याच नावाची नस, म्हणजे नर्व्ह, जाते. सुई जरा आतल्या बाजूला गेली की पेशंट एकदम हात ओढतो, "करंगळीत करंट बसला" म्हणतो. तो शब्द ऐकला की थांबायचं आणि सुई काढायची. प्रोबखाली टोचलं तर हा प्रकार जवळजवळ होत नाही, कारण धमनी आणि नस दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. पट्टाही रेडियलसाठी बनवलेला असतो, तो उलटा फिरवून बांधावा लागतो, आणि खाली पक्का आधार नसल्यामुळे जास्त लक्ष ठेवावं लागतं. पहिला तासभर मी दर दहा मिनिटांनी करंगळी हलवायला लावते आणि नखाचा रंग बघते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हे पत्र वाचून उद्या कुणी उत्साहानं वेडंवाकडं करू नये. त्याच हाताची रेडियल आधीच बंद असेल, तर तो हात मुख्यतः अल्नारवर जगतोय. अशाही हातात अल्नारमधून सुरक्षितपणे केल्याचे अनुभव छापून आलेत, हे मी वाचलंय. पण ते करणारे त्यातले मुरलेले लोक होते. मला विचाराल तर त्या मावशींच्या बाबतीत योग्य दार डाव्या हातातलं होतं. अल्नार ही त्या पेशंटसाठी, ज्याची रेडियल वाहती आहे पण फार बारीक आहे किंवा वेटोळं घेऊन बसलीय. त्याच दिवशी रेडियलला चार वेळा टोचून झाल्यावर त्याच हाताची अल्नार टोचू नका. दोन्ही धमन्या एकदम आकसल्या तर हाताला काय उरणार? म्हणूनच मी म्हणते, निवड टोचण्याआधी करायची. टोचून टोचून नाही.

किडनीच्या पेशंटचंही तसंच. १९६६ पासून डायलिसिसची फिस्टुला मनगटाशी रेडियल धमनी शिरेला जोडून करतात. ज्याचं क्रिएटिनिन चढत चाललंय, त्याची रेडियल ही उद्याची पुंजी आहे. ती आज आपण मोडायची नाही. तिथे जांघच बरी, आणि त्याला माझी ना नाही.

तुमची हरकत मला ठाऊक आहे. मेंदूची वाट हृदयासारखी नाही, असं तुम्ही म्हणता. खरं आहे. जांघेतून कॅथेटर खालून वर येतो आणि गळ्याच्या नळ्यांत सरळ शिरतो. उजव्या मनगटातून तो वरून महाधमनीच्या कमानीत उतरतो आणि डाव्या कॅरोटिडसाठी त्याला पुन्हा वर वळावं लागतं. त्यासाठी सिमन्स नावाच्या कॅथेटरचा आकडा महाधमनीत बनवावा लागतो, आणि पहिल्या पन्नास केसेसमध्ये तो बनवताना सर स्वतःशी काय काय बोलतात ते मी ऐकलंय. डावी व्हर्टिब्रल उजव्या हातातून मिळवणं त्रासाचं. पण उजवी व्हर्टिब्रल वाटेवरच असते. ज्यांची डावी कॅरोटिड उजवीकडच्या मोठ्या नळीतूनच फुटते, त्या पेशंटमध्ये उजवा हात हीच सोपी वाट. डावी व्हर्टिब्रल बघायची तर डाव्या हाताचा खळगा. म्हणजे कुठला हात, कुठलं दार, हे कुठली नळी बघायची त्यावरून आदल्या दिवशी सीटी अँजिओ समोर ठेवून ठरू शकतं. आठ फ्रेंचचा बलून गाइड (टोकाला फुगा असलेली जाड नळी) लागणार असेल, लकव्याचा पेशंट असेल आणि तुमचा हात जांघेत बसलेला असेल, तर खुशाल जांघेतून जा. तिथे मिनिटाला मेंदू मरतो, शिकायची ती वेळ नव्हे. मी साध्या डीएसएबद्दल बोलतेय, ज्या ठरवून होतात आणि ज्यांत पेशंट आदल्या संध्याकाळी डबा घेऊन दाखल होतो. शिकायचं ते तिथे शिका. तिथे हात बसला की कॉइलिंग (नसेच्या फुग्यात बारीक तार भरणं) आणि फ्लो डायव्हर्टरही पुढे मनगटातून जमतात, हे आमच्याच लॅबमध्ये दिसलंय.

सोनोग्राफीच्या मशीनबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे मशीन जिथे नोंदलंय त्या जागेबाहेर नेता येत नाही, म्हणून ते हलवायला सगळेच कचरतात. "मशीन रेडिओलॉजीत आहे" हे कारण वर्षानुवर्षं त्यामुळेच चालतं. कॅथलॅबच्या नावावर स्वतंत्र मशीन नोंदवून घ्या. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, एवढंच.

आणि कार्ड. त्या मावशी घरी गेल्यापासून मी एक सवय लावून घेतलीय. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला निळ्या पेननं दोन ओळी लिहिते: "उजवी रेडियल, ५ फ्रेंच. घरी जाताना प्रोबवर धमनी चालू." किंवा, "डावा खळगा, ६ फ्रेंच. वरची रेडियल चालू, खळग्यात बंद." मागच्या महिन्यात एक पेशंट दुसऱ्या जिल्ह्यातल्या लॅबमधून परत आमच्याकडे आला, तर माझ्या ओळींखाली कुणीतरी हिरव्या शाईत तिसरी ओळ लिहिली होती: "उजवी अल्नार, ५ फ्रेंच, चालू." खाली सही नव्हती. अक्षर कुठल्यातरी सिस्टरचंच असणार.

ही ओळ सिस्टरनं मागच्या बाजूला लिहायची नाही, तुमच्या छापील समरीत तिला रकाना हवा. तुमच्या पुढच्या राज्य परिषदेत तेवढा एक नमुना ठरवून घ्या.

आपली,
कॅथलॅबची एक इनचार्ज सिस्टर

ता. क. तोवर निदान एक करा. मनगटातून ठरलेल्या केससाठी आदल्या रात्री 'दोन्ही जांघा शेव्ह' ही ऑर्डर लिहू नका. लागलीच तर उजवी एक टेबलावर दोन मिनिटांत होते, ते काम माझं.